खोडदची रेडिओ दुर्बीण आणि तंत्रज्ञ-गटाची जडणघडण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांमध्ये जे ब्राह्मी शिलालेख आहेत, त्यांत दान देणाऱ्या व्यक्तींबरोबर श्रेणींचेही उल्लेख आढळतात. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, काशाचे काम करणारे अशा व्यावसायिकांच्या संघटना या नगरात होत्या आणि त्यांच्याकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्या जात. ठेव ठेवणाऱ्याचा विश्वास एखाद्या कुशल कारागिरावर नव्हता, तर माणसे बदलली तरी टिकून राहणाऱ्या कारागीर-समूहावर होता. कौशल्य व्यक्तीच्या हातात असते, परंतु ते टिकते समूहात, हे या परिसराने फार पूर्वीच पाहिलेले आहे.

याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेस खोडद या गावाजवळ, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजेच जीएमआरटी ही दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण मीटर-तरंगलांबीच्या क्षेत्रात जगातील अग्रगण्य साधनांपैकी एक मानली जाते. तिच्या वैज्ञानिक फलितांविषयी बरेच लिहिले गेले आहे. तिची उभारणी करणारा तंत्रज्ञ-गट कसा तयार झाला, कसा वाढला आणि त्याचे नेतृत्व एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे गेले, हा प्रश्न मात्र मराठीत फारसा चर्चिला गेलेला नाही.

अलीकडे कार्यक्षम तंत्रज्ञ-गट उभारण्याविषयीचे विवेचन बहुधा व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत आणि परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांनी केले जाते. प्रस्तुत लेखात त्याच विषयाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. असा गट एकदम नेमता येत नाही. लहान पण पूर्ण केलेल्या कामांच्या क्रमातून तो वाढवावा लागतो. खोडदचा इतिहास या विधानास पुष्टी देतो, असे लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर, हा इतिहास सांगताना कोणाची नावे राहून जातात, याचाही विचार येथे केला आहे.

पूर्वपीठिका : कल्याण आणि उटी

जीएमआरटीचे प्रणेते प्रा. गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ मध्ये उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे झाला. अलाहाबाद विद्यापीठातून १९५० मध्ये एम. एस्सी. झाल्यानंतर त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. १९५३ ते १९५५ या काळात ते ऑस्ट्रेलियात जोसेफ पॉझी यांच्या गटात होते. सिडनीजवळील पॉट्स हिल येथे प्रत्येकी सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांची एक रांग सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरली जात असे. तिचे काम संपत आल्यावर त्या तबकड्या भारताला भेट म्हणून मिळाल्या. पुढे स्वरूप अमेरिकेस गेले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे त्यांनी पीएच. डी. पूर्ण केली. तबकड्या मात्र दिल्लीत पडून राहिल्या.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय संशोधकांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, भारतात रेडिओ-खगोलशास्त्राचा गट स्थापन करावा असा प्रस्ताव देशातील निरनिराळ्या संस्थांकडे पाठवला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी १९६२ च्या प्रारंभी तो स्वीकारला आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईस रुजू झाले. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. प्रस्ताव एखाद्या यंत्राचा नव्हता, गटाचा होता. कोणती दुर्बीण बांधावयाची, हे माणसे एकत्र आल्यावर ठरावयाचे होते.

मुंबईत आल्यावर स्वरूप यांनी प्रथम हाती घेतले ते दिल्लीत पडून असलेल्या तबकड्यांचे काम. १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची मांडणी पूर्ण झाली. २४ तबकड्या पूर्व-पश्चिम आणि ८ उत्तर-दक्षिण अशा बसवून ६१० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर सूर्याची निरीक्षणे सुरू झाली. प्रारंभीच्या सहकाऱ्यांत एन. व्ही. जी. सर्मा, एम. एन. जोशी यांच्यासारखे अनुभवी सहकारी होते, तसे विजय कपाही यांच्यासारखे अणुऊर्जा प्रशिक्षण शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले तरुणही होते. या तरुणांना रेडिओ-खगोलशास्त्राचे औपचारिक शिक्षण मिळालेले नव्हते. तसे ते त्या काळी देशात उपलब्धही नव्हते. ग्राहकयंत्रे जुळवणे, केबल टाकणे, निरीक्षणे घेणे आणि त्यांचा अर्थ लावणे या कामांतूनच ते शिकले. कल्याणची रांग हे एका अर्थी शिकण्याचे साधन होते. तथापि ते खेळणे नव्हते, कारण त्यातून प्रकाशनयोग्य संशोधन होत होते. उमेदवारी आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर ठेवले गेले नाही, ही या टप्प्याची महत्त्वाची बाब होय.

कल्याणची रांग पूर्ण होत असतानाच पुढील, कितीतरी मोठ्या कामाचा आराखडा तयार होऊ लागला होता. उटी हे स्थान विषुववृत्तापासून सुमारे ११ अंश उत्तरेस आहे. तेथे उत्तर-दक्षिण दिशेत नेमक्या ११ अंशांच्या उताराची टेकडी सापडल्यास तिच्यावर बसवलेल्या लांब दंडगोलाकार दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर होतो आणि एकाच अक्षाभोवती फिरवून तिला एखाद्या खगोलाचा मागोवा अनेक तास घेता येतो. निसर्गाच्या उताराचा असा उपयोग करून ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७० मध्ये पूर्ण झाली. तिचे अभिकल्पन आणि बांधणी भारतातच झाली. दरम्यान जानेवारी १९६६ मध्ये भाभा यांचे अपघाती निधन झाले होते. ज्याच्या शब्दावर गट स्थापन झाला तो आधार गेल्यानंतरही काम थांबले नाही, ही गटाच्या परिपक्वतेची पहिली कसोटी म्हणावी लागेल.

उटीच्या दुर्बिणीने चंद्राआड जाणाऱ्या रेडिओ-स्रोतांचे वेध घेतले. त्यांतून मिळालेल्या कोनीय आकारमानांच्या आधारे १९७५ मध्ये स्वरूप आणि कपाही यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते विश्व काळानुसार बदलत आले आहे या मतास अनुकूल ठरले. दहा-बारा वर्षांपूर्वी प्रशिक्षण शाळेतून आलेला तरुण आता विश्वरचनाशास्त्रातील वादात पुरावा मांडत होता.

फसलेला प्रस्ताव आणि नवी मांडणी

यशाच्या या क्रमात एक अपयशही आहे आणि गटाच्या इतिहासात त्याचे स्थान यशाइतकेच महत्त्वाचे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वरूप यांनी विषुववृत्तावर सुमारे २ किलोमीटर लांबीची एक महाकाय दुर्बीण विकसनशील देशांच्या सहकार्याने उभारण्याचा प्रस्ताव मांडला. विषुववृत्तावर सपाट जमीनही पुरेशी होते. टेकडीच्या उताराची गरज राहत नाही. केनिया आणि नंतर इंडोनेशिया या देशांचा त्यासाठी विचार झाला. तथापि तो प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही.

अशा प्रसंगी गट विखुरण्याचा संभव असतो. तसे झाले नाही, याचे एक कारण हातात काम होते हे होय. उटीची दुर्बीण चालू होती, आणि तिच्याभोवती लहान अँटेना उभारून दूरदूरच्या अँटेनांचे संकेत एकत्र करण्याचे तंत्र गट आत्मसात करीत होता. या तंत्रात अनेक अँटेनांनी मिळून एकाच प्रचंड दुर्बिणीचे काम केले जाते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ अँटेनांची दुर्बीण १९८० मध्ये याच तत्त्वावर पूर्ण झाली होती. मात्र तिचा भर सेंटिमीटर-तरंगलांबीवर होता. मीटर-तरंगलांबीचे क्षेत्र तुलनेने मोकळे होते, आणि याच तरंगलांबीवर काम करण्याचा वीस वर्षांचा अनुभव भारतीय गटाच्या गाठीशी होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास जीएमआरटीची कल्पना आकारास आली आणि १९८७ मध्ये तिला शासनाची मान्यता मिळाली.

खोडदची निवड

स्थळाच्या निवडीमागे अनेक कारणे होती. मीटर-तरंगलांबीवर मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट हा मोठा शत्रू असतो. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेस असलेला हा भाग शहरी गोंगाटापासून दूर होता आणि भोवतालच्या डोंगररांगांचा आडोसाही त्यास होता. अँटेना दूरवर पसरण्याइतकी बऱ्यापैकी सपाट जमीन येथे होती. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावरून दक्षिण आकाशाचाही मोठा भाग दिसतो, तसेच चुंबकीय विषुववृत्तापासून अंतर असल्याने आयनावरणाचा उपद्रव दक्षिण भारताच्या तुलनेने कमी होतो. पुण्याचे विद्यापीठ आणि उद्योग आवाक्यात होते. गटाचे मुख्यालय असलेले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन झाले, ते याच विचाराने.

जुन्नर तालुक्यास मोठ्या तबकड्या नव्या नव्हत्या. नारायणगावजवळच आर्वी येथे देशातील पहिले आंतरराष्ट्रीय उपग्रह-दळणवळण केंद्र उभारले गेले होते. १९७२ मध्ये राष्ट्रास अर्पण झालेल्या या केंद्रास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. एकाच तालुक्यात, काही किलोमीटरांच्या अंतरावर, साराभाई आणि भाभा यांच्या प्रेरणेतून निर्माण झालेल्या दोन परंपरांची कामे दोन दशकांच्या अंतराने उभी राहिली, ही स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी बाब आहे.

खोडदच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा, प्रत्येकी सुमारे १४ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. दक्षिणेकडील शाखा आंबेगाव तालुक्याच्या दिशेने जाते. कोणत्याही दोन अँटेनांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

आराखडा आणि कामाची विभागणी

४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या परंपरागत पद्धतीने बांधावयाच्या तर लागणारे पोलाद आणि त्याचा खर्च देशाला न परवडणारा होता. या अडचणीतून जो आराखडा निघाला, तो या गटाच्या कार्यपद्धतीचा उत्तम नमुना होय. मध्यभागी एक तुंबा, त्यातून बाहेर जाणाऱ्या पोलादी नळ्यांच्या १६ अन्वस्ताकार चौकटी, त्या चौकटींमध्ये ताणलेले तारेचे दोर आणि त्या दोरांवर बसवलेली बारीक तारेची जाळी, अशी तबकडीची रचना आहे. जाळीची तार केवळ ०.५५ मिलिमीटर जाडीची, गंज न लागणाऱ्या पोलादाची आहे. जाळीचे डोळे मध्यभागी १० मिलिमीटरचे, मधल्या पट्ट्यात १५ मिलिमीटरचे आणि कडेस २० मिलिमीटरचे ठेवले आहेत. डोळे तरंगलांबीच्या मानाने पुरेसे लहान असल्याने रेडिओ-लहरींना ही जाळी अखंड पृष्ठभागासारखीच भासते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी म्हणून चौकटी हलक्या, चौकटी हलक्या म्हणून मोटारी व मनोरे लहान, आणि म्हणून एकूण खर्च कमी, अशी ही साखळी आहे.

अशी कल्पना केवळ खगोलशास्त्रज्ञास सुचली असती तर ती कागदावर राहिली असती. केवळ स्थापत्य-अभियंत्याकडे काम सोपवले असते, तर जाळीचे डोळे किती मोठे चालतील, तबकडी किती वाकली तर चालेल, याची मोकळीक त्यास ठाऊक नसती आणि त्याने सुरक्षित म्हणून जड रचना केली असती. प्रश्न विचारणारा आणि यंत्र बांधणारा एकाच मेजावर बसत असल्याने, कोठे काटकसर चालेल आणि कोठे चालणार नाही, हे ठरवता आले. हा संवाद कल्याण-उटीच्या काळातच अंगवळणी पडला होता.

कामाची विभागणीही अभ्यासनीय आहे. तबकडीच्या यांत्रिक अभिकल्पनात टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सचा सहभाग होता. अँटेना फिरवणारी सर्व्हो यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साह्याने झाली. सर्वांत उच्च वारंवारतेचे संग्राहक बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेने तयार केले. मात्र सर्व भागांची जुळणी आणि अंतिम जबाबदारी मूळ गटाने स्वतःकडे ठेवली. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणून एकमेकांशी अचूक जुळवावे लागतात. एक अँटेना बंद पडली तर २९ जोड्या निकामी होतात. अशा यंत्रात कोणताही भाग गौण नसतो. प्रकल्पाचे अधिकृत वर्णन करणारा लेख १९९१ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर स्वरूप यांच्यासह एस. अनंतकृष्णन, विजय कपाही, ए. प्रमेश राव, सी. आर. सुब्रह्मण्य आणि व्ही. के. कुलकर्णी अशी सहा नावे आहेत.

नेतृत्वाचे हस्तांतर

कोणत्याही गटाची खरी परीक्षा संस्थापक दूर झाल्यावर होते. १९९४ मध्ये, दुर्बीण अपूर्ण असतानाच, स्वरूप सेवानिवृत्त झाले आणि केंद्राची धुरा कपाही यांच्याकडे आली. कल्याणच्या तबकड्यांवर शिकलेल्या पिढीकडे सूत्रे आल्याने दिशा बदलण्याचा प्रश्न उद्भवला नाही. दुर्दैवाने १९९९ मध्ये कपाही यांचे अकाली निधन झाले. तरीही काम पुढे गेले आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेचे अध्यक्ष रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बीण जगातील वैज्ञानिकांना अर्पण करण्यात आली. भाभा यांच्या निधनानंतर उटीचे काम जसे पूर्ण झाले, तसेच कपाही यांच्या निधनानंतर खोडदचे झाले.

अर्पणसोहळ्यानंतर गटाचे स्वरूप पालटले. बांधणाऱ्यांचा गट आता चालवणाऱ्यांचाही झाला. निरीक्षणाचा वेळ देशविदेशातील संशोधकांच्या प्रस्तावांच्या गुणवत्तेनुसार दिला जाऊ लागला. दुर्बिणीच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक, प्राचीन विश्वातील हायड्रोजनच्या प्रचंड मेघांचा शोध, हे ज्या सिद्धांतावर आधारले होते तो पुढे मागे पडला. तरीही यंत्र आणि गट दोन्ही उपयोगी राहिले, कारण क्षमता एका उद्दिष्टापुरती बांधलेली नव्हती. २००४ मध्ये एका तारकागुच्छातील विलक्षण कक्षेचा स्पंदक शोधला गेला. २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय यानाचे क्षीण संकेत येथे टिपले गेले. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नात येथील निरीक्षणांचा सहभाग होता.

दुर्बिणीच्या नूतनीकरणातही हाच क्रम दिसतो. आरंभीच्या खास बनावटीच्या विद्युत्-मंडलांऐवजी संकेत जुळवण्याचे काम साध्या संगणकांच्या समूहावर आणण्याचे काम २०१० च्या सुमारास तरुण सहकाऱ्यांनी यशस्वी केले. त्या अनुभवावर पुढे संपूर्ण दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, आणि एका वेळी टिपता येणाऱ्या वारंवारतांचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. नूतनीकृत दुर्बीण २०१९ मध्ये औपचारिकरीत्या कार्यान्वित झाली. स्वरूप यांचे ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निधन झाले, तोपर्यंत हे सर्व त्यांनी पाहिले होते. पुढे २०२४ च्या आरंभी स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक प्रकल्पात भारताच्या सहभागास १,२५० कोटी रुपयांची मान्यता मिळाली. त्या दुर्बिणीच्या नियंत्रण-प्रणालीच्या अभिकल्पनात पुण्याच्या केंद्राने नेतृत्व केले होते. कल्याण, उटी, खोडद आणि आता ही जागतिक दुर्बीण, अशी ही एकमेकींतून निघालेली पावले आहेत.

मर्यादा

या इतिहासाचे केवळ गौरवीकरण करणे योग्य होणार नाही. १९८७ ची मान्यता आणि २००१ चे अर्पण यांत चौदा वर्षांचे अंतर आहे. याच काळात १९९१ नंतर देशाची अर्थव्यवस्था बदलली. पुणे परिसरात माहिती-तंत्रज्ञान उद्योग वाढला आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या तरुण पदवीधरास शासकीय वेतनश्रेणीच्या कितीतरी पट वेतन खासगी क्षेत्रात मिळू लागले. शिकवून तयार केलेला अभियंता बाहेर जाणे हा अशा संस्थांपुढचा कायमचा प्रश्न झाला. दीर्घ मुदतीच्या उमेदवारीवर उभा असलेला गट अल्प मुदतीच्या नोकऱ्यांच्या काळात कसा टिकवावयाचा, याचे सोपे उत्तर नाही.

दुसरी मर्यादा एका व्यक्तीवरील अवलंबनाची. साठोत्तर काळातील अनेक भारतीय वैज्ञानिक प्रकल्पांप्रमाणे येथेही मंत्रालयाशी संवाद, निधीची तजवीज आणि नव्या कल्पनांचा उगम फार मोठ्या प्रमाणात एकाच माणसाभोवती एकवटला होता. स्वरूप यांना हा प्रश्न जाणवत असावा, असे त्यांच्या उत्तरायुष्यातील एका कार्यावरून वाटते. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. भिडे यांच्यासमवेत त्यांनी पदवीपासूनच संशोधनाशी जोडलेल्या विज्ञानशिक्षणाच्या संस्थेचा पाठपुरावा केला. २००६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयसर या संस्थेच्या पूर्वपीठिकेत त्या पाठपुराव्यास महत्त्वाचे स्थान आहे. गटाला माणसे मिळावयाची तर ती घडवणारी शाळाही हवी, हा त्यामागील विचार दिसतो.

परिसराचा वाटा

खोडदच्या गटाचा विचार वेधशाळेच्या कुंपणापाशी थांबवता येत नाही. रेडिओ-शांतता हा या यंत्राचा एक अदृश्य पण अनिवार्य भाग आहे, आणि तो भाग परिसरातील जनता पुरवते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर येथील शेती बहरली. शेतीपंप, विजेच्या वाहिन्या आणि आता भ्रमणध्वनीचे मनोरे ही त्या प्रगतीची साधने आहेत, परंतु सैल झालेल्या विद्युत्-जोडातील ठिणगीसुद्धा निरीक्षणात गोंगाट म्हणून उमटते. अशा गोंगाटाचा उगम शोधणे हा वेधशाळेच्या अभियंत्यांच्या नित्यकामाचा भाग आहे. ते काम शेतकरी आणि वीज-कर्मचारी यांच्या सहकार्याखेरीज होत नाही.

याची किंमतही आहे. वेधशाळेभोवती सुमारे ३० किलोमीटरच्या कक्षेत उद्योगांच्या उभारणीवर राज्य शासनाने निर्बंध ठेवले आहेत. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील तरुण कारखान्यातील नोकरीसाठी दक्षिणेस चाकणकडे जातो, त्यामागे अनेक कारणे आहेत, पण हे निर्बंध त्यांपैकी एक होत. पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेच्या प्रस्तावित आखणीचा वेधशाळेस अडथळा होईल का, हा प्रश्न अलीकडच्या वर्षांत चर्चेत आला, तेव्हा विज्ञानाची गरज आणि स्थानिक विकासाची अपेक्षा यांतील ताण पुन्हा उघड झाला. हा ताण केवळ शासननिर्णयाने मिटणारा नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीस विज्ञान दिनानिमित्त वेधशाळा सर्वांसाठी खुली होते आणि ग्रामीण भागातील विद्यार्थी हजारोंच्या संख्येने येतात. ही प्रथा स्तुत्य आहे. तथापि ज्या गावांनी शांतता दिली त्या गावांतील मुले वेधशाळेचे प्रेक्षक राहतात की तिच्या तंत्रज्ञांत त्यांना स्थान मिळते, यावर या नात्याचे भवितव्य अवलंबून आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, प्रभावी तंत्रज्ञ-गट कामांच्या चढत्या क्रमातून वाढतो. कल्याणची रांग न बांधता उटीची दुर्बीण आणि उटीविना खोडद शक्य झाले नसते. दुसरा असा की, तज्ज्ञता आल्यावर जबाबदारी देण्याऐवजी जबाबदारीतून तज्ज्ञता येऊ देण्याचे धाडस नेतृत्वाने केले आणि त्यामुळेच पुढील नेतृत्व आतून मिळाले. तिसरा असा की, साधनांची टंचाई हा केवळ अडथळा नव्हता. प्रश्नकर्ता आणि बांधणारा एकत्र असतील तर टंचाईतूनच नवा आराखडा निघू शकतो.

या निष्कर्षांना एक पुरवणी जोडणे आवश्यक वाटते. १९९१ च्या लेखावरील सहा नावे इतिहासात नोंदली गेली आहेत. चौकटी सांधणारे वेल्डर, जाळी ताणणारे कामगार, केबलचे चर खणणारे मजूर, रात्रपाळीचे चालक आणि तंत्रसहायक यांची नावे अशी कोठेही एकत्र नोंदलेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली नाहीत. त्यांपैकी अनेक आज वार्धक्यात असतील. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयांच्या इतिहास आणि भौतिकशास्त्र विभागांनी मिळून त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतल्यास, विद्यार्थ्यांना संशोधनाचे एक खरे काम मिळेल आणि या दुर्बिणीचा इतिहासही पूर्ण होईल. जुन्नरच्या लेण्यांत निदान श्रेणींची नावे कोरली गेली, म्हणून ती आज आपणास ठाऊक आहेत. खोडदच्या कारागिरांबाबत तेवढे तरी आपल्या पिढीने करावयास हवे.